पहिल्या नंबरचं गाणं आणि वाजणारं दार

परवा मुलीला गाडी चालवायचा परवाना मिळाला आणि पहिल्याच फेरीला ती मला शेजारी बसवून घेऊन गेली. माझा उजवा पाय सारखा नसलेल्या ब्रेकवर दाबला जात होता. तेवढ्यात रेडिओवर निवेदक म्हणाला, आता एक जुनं गाणं, तुमच्या आईबाबांच्या तरुणपणातलं. पहिले चार ठोके पडले आणि मी ओळखलं. एका बाईचा एकच ओळ घोळवणारा आवाज आला, मग सगळं थांबलं, आणि पुढचा खर्ज कोसळायच्या आत माझा तळवा आपोआप दाराच्या पॅनलवर जाऊन टेकला.

"वास माख्स्ट डू, बाबा?" काय करतोयस, असं मुलीने विचारलं. आम्ही मराठीत बोलायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, ही आमच्या घरातली जुनी तडजोड.

"काही नाही. वाजतंय का बघतोय."

काय वाजतंय, हे तिने विचारलं. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखं नव्हतं आणि समोर चौक आला होता. म्हणून ते इथे लिहितो आहे.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मी पुण्याहून ब्राउनश्वाइगला शिकायला आलो होतो आणि शिक्षण संपल्यावर र्युसेल्सहाइम या गाड्यांच्या मोठ्या कारखान्याच्या गावापासून बसने अर्ध्या तासावर असलेल्या एका छोट्या कारखान्यात लागलो होतो. गाडीच्या दाराला आतून प्लास्टिकचं जे आवरण असतं, ज्यावर आपण कोपर टेकून बसतो, ते पॅनल आम्ही बनवायचो. आमचा मोठा ग्राहक मात्र तो शेजारचा कारखाना नव्हता. देशाबाहेरची एक लहानशी गाडीकंपनी होती. माझ्या विभागाचं नाव 'ध्वनी आणि कंपन'. भारदस्त वाटतं, पण काम एवढंच की दार वाजतं का ते ऐकायचं. आई शेजारणींना सांगायची, मुलगा जर्मनीत गाड्या बनवतो. मुलगा दिवसभर दाराला कान लावून बसतो, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

माझा करार दोन वर्षांचा होता आणि तो त्या डिसेंबरअखेर संपत होता. व्हिसा कराराला टांगलेला. करार वाढला नाही तर गाशा गुंडाळून परत. एरवी मी त्याचं एवढं मनावर घेतलं नसतं, पण बायकोला दिवस गेले होते आणि बाळ फेब्रुवारीत यायचं होतं. सासूबाईंचं म्हणणं, पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, तिला पाठवून द्या. बायकोचं म्हणणं, बाळाचा बाप जिथे, तिथेच मी. आणि डिसेंबरात बाप कुठे असेल हे बापालाच माहीत नव्हतं. आठव्या महिन्यात विमान, पुण्यात दोघांना नव्याने घर, मला नव्याने नोकरी. करार वाढला तर यातलं काहीच नाही. त्या वर्षी मला जगाकडून तेवढा एकच कागद हवा होता.

आमच्या विभागात मुख्य माणसं दोन. एक शेफ. तिथे साहेबाला शेफ म्हणतात. हे शेफ चाळिशीचे, चटपटीत, हातात कायम कॉफीचा मग. दुसरे माइस्टर, म्हणजे कारागिरांतले मुख्य, वय निवृत्तीला आलेलं, हात सुताराचे, आणि रविवारी गावच्या पुरुषांच्या गायनमंडळात खालच्या पट्टीत गाणारे. तयार पॅनलवर मंजुरीचा शिक्का मारण्याचा अधिकार फक्त त्यांचा. शिक्का त्यांच्या नावाचा, एका डबीत, डबी खिशात. शिक्का मारण्याआधी ते स्क्रूड्रायव्हर घेऊन पॅनल स्वतः उघडायचे, आत बघायचे, परत बसवायचे आणि मगच शाई. एकतीस वर्षांत त्यांचा एकही शिक्का मागे घ्यावा लागला नव्हता. आमच्या कारखान्यात रीत अशी होती की असा माणूस निवृत्त होताना त्याचा शिक्का लाकडी चौकटीत बसवून त्याला भेट द्यायचा. माइस्टरांची चौकट सुतारशाळेत तयार होते आहे, हे त्यांच्यासकट सगळ्यांना माहीत होतं.

तर त्या उन्हाळ्यात ते गाणं आलं.

गाणं काही थोर नव्हतं. दोन पोरांनी कुठल्याशा तळघरात संगणकावर बनवलं, असं पेपरात आलं होतं. चार ठोक्यांची धपधप, त्यावर त्या बाईची एकच ओळ, पुन्हा पुन्हा. मग मधेच सगळं गप्प. दोन ठोके पूर्ण शांतता. आणि मग असा खर्ज कोसळायचा की पोटातली पोळी हलावी. डिस्कोमध्ये त्या शांततेत सगळे हात वर करून थांबायचे म्हणे. मी डिस्कोत कधी गेलो नाही, त्यामुळे हे ऐकीव. माइस्टरांनी एकदाच ऐकलं आणि म्हणाले, "याला गाणं म्हणत नाहीत. याला खिळे ठोकणं म्हणतात."

पण लोकांना खिळे आवडले. दर आठवड्याला खपाची यादी निघायची, त्यात ते आधी कुठेतरी तळाला दिसलं, मग दर आठवड्याला पायऱ्या चढत गेलं. बाजारपेठेतल्या सीडीच्या दुकानात एका भिंतीवर नंबर घातलेले खण होते, एकपासून पुढे, आणि यादीप्रमाणे सीडी त्या त्या खणात लावायचे. ते गाणं खालच्या ओळीतून वर सरकत चाललेलं मी बसची वाट बघताना काचेतून बघायचो. तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटायचं. बेकरीत तेच, केस कापायला गेलो तर तेच, शेजारच्या आजीबाईंच्या नातवाच्या मोबाइलवर तेच. सबंध देशाने एकच गोष्ट गुणगुणायची असे दिवस पुढे फारसे आले नाहीत, म्हणून आता त्या दिवसांची आठवण गोड वाटते.

गाणं पहिल्या दहांत आलं त्या आठवड्यात पहिलं तक्रारपत्र आलं. कुणा तरुणाने नवीकोरी गाडी घेतली होती. त्याने लिहिलं होतं, या गाण्यात शांतता संपून खर्ज सुरू होतो तेव्हा डावं दार टर्रर्र वाजतं. इतर कुठल्याही गाण्यात वाजत नाही. मग दुसरं पत्र, मग पाच, मग गठ्ठा. सगळ्यांचं गाणं तेच आणि जागा तीच. एरवी ती टरटर आवाजात बुडून गेली असती, पण या गाण्याने तिच्यासाठी आधी दोन ठोके सगळ्यांना गप्प करून ठेवलं होतं.

शेफनी भिंतीवर एक मोठा कागद लावला. त्यावर निळ्या रेघेने गाण्याचा नंबर आणि लाल रेघेने तक्रारी. गाणं वर, तक्रारी वर. शुक्रवारच्या बैठकीत पहिला प्रश्न असायचा, "आल्झो," म्हणजे तर मग, "कितवं आहे?" पोक्त जर्मन इंजिनियर माना खाली घालून सांगायचे, "चौथं." काहींचं मत होतं, वाट बघावी. असली गाणी दोन महिन्यांत मरतात, गाणं उतरलं की पत्रंही थांबतील.

"गाणं मरेल," माइस्टर म्हणाले. "दार तेच राहील."

सप्टेंबरात ते पहिल्या नंबरवर गेलं आणि तिथे जे बसलं ते उठेना. मला काम मिळालं टरटर शोधायचं. एका बंद खोलीत, जिच्या भिंती आवाज पिऊन टाकतात, स्टँडवर एक दार टांगलेलं. समोर मी. गाणं लावायचं, शांततेपर्यंत थांबायचं, खर्ज, टर्रर्र, बंद. परत. दिवसाकाठी किती वेळा ते देव जाणे. बायको म्हणायची, "कणीक मळतानासुद्धा तू त्याच तालावर बुक्क्या मारतोस."

शेफचा अंदाज होता की पॅनल धरून ठेवणाऱ्या क्लिपा ढिल्या आहेत. त्यांनी स्वतः जाड क्लिपेची कल्पना काढली होती आणि त्यांना ती फार प्रिय होती. मी क्लिपा बदलल्या. टर्रर्र. मला संशय आला तो आतल्या तारा धरून ठेवणाऱ्या एका लहानशा पत्र्याच्या पट्टीचा. ती पॅनलला जेमतेम टेकत असावी.

आता आमच्याकडची एक सवय सांगतो. आमच्या स्वयंपाकघरात स्टीलच्या ताटांची मांडणी होती. मिक्सर लावला की सगळी ताटं तडतडायला लागायची. आई एका हाताने मिक्सरचं झाकण दाबून दुसऱ्या हाताने एक कागद घडी करून मांडणीच्या मागे खुपसायची की चिडीचूप. डुगडुगणारं टेबल, वाऱ्याने आपटणारी खिडकी, न लागणारं कपाट, सगळ्यांवर आमच्या घरात एकच औषध, घडीचा कागद. इंजिनियर होऊन, ब्राउनश्वाइगची पदवी घेऊन, ती सवय माझ्या बोटांतून गेली नव्हती.

दुपारी डबा खाऊन झाला होता. सासूबाईंनी पाठवलेल्या भाजणीच्या पुड्याला मराठी वर्तमानपत्र गुंडाळलेलं असायचं. बायको त्याचे तुकडे जपून ठेवायची आणि वाफ धरू नये म्हणून पोळ्यांच्या डब्यात घालायची. त्यातला एक तुकडा मी घेतला, आठ घड्या घातल्या, पॅनल उचकटून पट्टीच्या मागे खुपसला आणि पॅनल बसवलं. गाणं लावलं. शांतता. खर्ज. आणि नंतर काहीच नाही. दार गप्प.

मला नाचावंसं वाटलं. सापडलं होतं! कागद काढायचा, तिथे नीट नमद्याची पट्टी लावायची, चाचणीच्या वहीत लिहायचं आणि शेफना सांगायचं, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात खोलीचं दार उघडलं आणि शेफ ग्राहकांच्या तीन माणसांना घेऊन आत आले. ते उद्या यायचे होते, आजच आले. त्यांना लगेच निघायचंही होतं.

शेफनी स्वतः बटण दाबलं. आम्ही पाच जण त्या खोलीत उभे राहून ते नाचाचं गाणं श्राद्धाला बसल्यासारखे ऐकत होतो. शांतता. खर्ज. दार गप्प.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" शेफ ओरडले. "नवी क्लिप!" पाहुण्यांनी त्यांचा हात हातात घेतला. मग माझा घेतला. शेफनी माझ्या खांद्यावर थाप मारून हळूच म्हटलं, "तुमच्या कराराचं मी आता बघतोच."

माझं तोंड उघडलं होतं. ते वाक्य कानात पडलं आणि ते मिटलं. क्लिप नाही, कागद आहे, हे चार शब्द मला चारचौघांत बोलता आले नाहीत. पाहुणे गेल्यावर बोलू, असं मी स्वतःला सांगितलं.

पण पाहुण्यांना मंजुरी हातात हवी होती. माइस्टरांना बोलावलं. ते आले, खिशातून डबी काढली आणि दुसऱ्या हाताने स्क्रूड्रायव्हर. शेफ म्हणाले, "बाहेर टॅक्सी उभी आहे." माइस्टरांनी शेफकडे बघितलंच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"वाजत नाही?"

"नाही वाजत," मी म्हटलं.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला आणि शिक्का मारला. खरंतर मी खोटं बोललो नव्हतो. दार वाजत नव्हतंच. इतकं खरं बोलून मी आयुष्यात कधी इतका खोटा वागलो नव्हतो.

ते दार मूळ नमुना म्हणून कपाटात कुलूपबंद झालं. किल्ली माइस्टरांकडे. माझा कागद आत.

ऑक्टोबरात जाड क्लिपांच्या गाड्या रस्त्यावर आल्या. गाणं पहिलंच होतं आणि पत्रं येतच राहिली. कुणाला काही कळेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा चालू होता, आणि कळसा कुठे आहे हे माहीत असलेला एकच माणूस मूग गिळून बसला होता. एकदा मी धीर करून म्हटलं, तारांच्या पट्टीमुळे असेल का? शेफनी शांतपणे समजावलं, "तीच पट्टी मूळ नमुन्यात आहे. तो वाजत नाही. आल्झो, पट्टी नाही." तर्क बिनचूक होता. माझ्याच कागदाने माझं तोंड बंद केलं होतं.

मग माझी सगळी आशा एकाच गोष्टीवर येऊन ठेपली. गाणं उतरलं की पत्रं थांबतील, पत्रं थांबली की दार कुणी बघणार नाही, आणि करार होऊन जाईल. बायकोला मी कागदाचं काही सांगितलं नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की गाणं खाली आलं तर नवऱ्याची नोकरी राहते. ती गणपतीला एकवीस मोदक बोलली. एक गाणं पहिल्या नंबरवरून खाली यावं म्हणून गजाननाला कुणी साकडं घातल्याचं माझ्या ऐकिवात नाही. सासूबाई दर रविवारी फोन करायच्या. पूर्वी विचारायच्या, लेकीचे पाय सुजतात का. आता आधी विचारायच्या, "अहो, उतरलं का हो ते गाणं?"

"नाही हो, आई. पहिलंच आहे."

"मेलं चिवट दिसतंय," असं म्हणून मग त्या पायांकडे वळायच्या.

एका शुक्रवारी बायको घरी आली ती हसू दाबत. सीडीच्या दुकानात जाऊन तिने एक नंबरच्या खणातल्या सगळ्या सीड्या उचलून नऊ नंबरच्या खणात ठेवल्या होत्या. दुकानातल्या मुलीने पकडलं, पण पोट बघून काही बोलली नाही, उलट खुर्ची दिली. आम्ही दोघं इतकं हसलो की तिला धाप लागली. ती हसत होती आणि मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

नोव्हेंबरात एका शुक्रवारी गाणं दुसऱ्यावर आलं. पुढच्या आठवड्यात सहावं. मग जे घसरलं ते थांबेना, त्याच्या जागी दुसरंच कुठलं तरी आलं, आणि भिंतीवरच्या कागदाची लाल रेघ निळीच्या मागोमाग आली. शेफनी सगळ्यांना बर्लिनर, म्हणजे जॅम भरलेले तळलेले गोड पाव, आणले. घरी तांदळाच्या पिठीचे मोदक झाले, त्यातले निम्मे फुटले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करारावर सह्या, असं ठरलं. माझ्या जिवात जीव आला.

माइस्टरांचा शेवटचा आठवडाही तोच होता. कपाटातले सगळे मूळ नमुने पुढच्या माणसाच्या ताब्यात द्यायचे होते. दुसऱ्या कुणी याद्या तपासून सही केली असती. माइस्टरांनी एकेक नमुना उघडून बघायला घेतला.

शुक्रवारच्या बैठकीत ते उभे राहिले. हातात एक टंकलेला कागद होता. गायनमंडळात गातात त्या खालच्या, सरळ आवाजात त्यांनी वाचलं. "डाव्या दाराच्या मूळ नमुन्यात चाचणीचा कागद राहून गेला होता. टरटर पट्टीमुळे होते, क्लिपमुळे नाही. मी पॅनल न उघडता शिक्का मारला. चूक माझी आहे. शिक्का मागे घेतो." वाचून ते खाली बसले. कुणाचा कागद, कसला कागद, यावर एक अक्षर नाही. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

मी तेव्हा उठायला हवं होतं. खुर्चीचे हात मी धरलेही होते. मला बायकोचं पोट दिसलं, विमानतळ दिसला, आणि मी बसून राहिलो.

निरोप समारंभात शेफ चांगलं बोलले, पण थोडक्यात बोलले. चौकट दिली नाही. त्याऐवजी फळांची टोपली दिली, सेलोफेनमध्ये गुंडाळलेली. माइस्टरांनी ती दोन्ही हातांनी घेतली, आभार मानले आणि बसने घरी गेले. सुतारशाळेच्या कोपऱ्यात ती चौकट मला जाताना दिसली. मधली शिक्क्याची जागा रिकामी होती.

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. सांगताना मी रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पोळ्यांच्या डब्यातला कागद?"

"हो."

"म्हणजे माझ्या घरातला कागद. त्या माणसाची एकतीस वर्षं माझ्या घरातल्या कागदाने घालवली." तिने उठून माझा कोट आणला. "उद्या तू जा. नाहीतर मी जाते. मला चालायला वेळ लागेल, पण मी जाईन."

शनिवारी सकाळी मी त्यांच्या गावी गेलो. त्यांच्या बायकोने दार उघडलं, कॉफी आणि आलुबुखारांचा केक मांडला आणि ती आत गेली. माइस्टर स्वेटर घालून बसले होते. कामाच्या निळ्या कपड्यांशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी खणातून तो कागद काढला, उलगडून, हाताने सपाट करून माझ्यासमोर ठेवला.

"काय लिहिलं आहे इथे?" त्यांनी विचारलं.

मी वाचलं. विवाहविषयक जाहिराती होत्या. "मुलगी गोरी, उंच, गृहकृत्यदक्ष," मी जर्मनमध्ये सांगितलं. "मुलगा निर्व्यसनी, परदेशात नोकरी असल्यास प्राधान्य."

ते थोडे हसले. मला हसता आलं नाही. मी म्हटलं, कागद मी ठेवला होता, तुम्हाला हे माहीत होतं. ही अक्षरं आपल्या कारखान्यात दुसऱ्या कुणाची असणार? मग तुम्ही माझं नाव का नाही लिहिलं?

"हो," ते कपात चमचा फिरवत म्हणाले. "तुमचा कागद तुमचा. शिक्का माझा. मी एकतीस वर्षं प्रत्येकाचं पॅनल उघडलं. शेफचं, माझ्या सख्ख्या भावाचं. तुमचं नाही उघडलं."

"टॅक्सी उभी होती म्हणून," मी म्हटलं.

"टॅक्सी?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "टॅक्सी थांबली असती. तुम्ही म्हणालात, वाजत नाही. म्हणून मी उघडलं नाही."

 त्यांनी केक माझ्याकडे सरकवला. मी तो सगळा खाल्ला, कारण दुसरं काय करावं ते कळत नव्हतं.

सोमवारी मी शेफच्या खोलीत गेलो आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. करार त्यांच्या टेबलावर होता, दोन वर्षांचा, सहीला तयार. त्यांनी तो उचलला आणि फायलीत ठेवला. मग म्हणाले, "सहा महिने. त्यानंतर बघू." अहवाल दुरुस्त झाला. माइस्टरांचा शिक्का चौकटीत बसवून त्यांना पोस्टाने पाठवला. आठ दिवसांत तो परत आला. सोबत चिठ्ठी होती की शिक्का मीच मारला होता, त्यामुळे चौकटीवर माझा हक्क नाही. अक्षर सुरेख, खाली सही.

मुलगी फेब्रुवारीत इथेच झाली. त्या सहा महिन्यांचं पुढे एक वर्ष झालं, मग करार कायमचा झाला. माइस्टर आता नाहीत. गाणं अधूनमधून लागतं, आणि ते लागलं की बाजारपेठेतली ती भिंत, काचेला नाक लावून उभी असलेली माझी जड अंगाची बायको, सासूबाईंचा रविवारचा फोन, हे सगळं मला पुन्हा हवंसं वाटतं. फक्त त्या बंद खोलीतलं दीड मिनिट सोडून.

आता मी दुसऱ्या कारखान्यात आहे आणि मंजुरीची सही माझी असते. सहकारी येतात, चांगली माणसं आहेत, काही तर माझ्याहून हुशार. सांगतात, वाजत नाही. मी मान हलवतो आणि तरी पॅनल उघडतो. नव्याने आलेल्यांना वाटतं, हा जुन्या वळणाचा कडक माणूस आहे. मीही त्यांना तसं वाटू देतो. खरी गोष्ट अशी आहे की माइस्टर एकदा माझ्या शब्दावर थांबले होते, आणि त्यानंतर मला कुणाच्याच शब्दावर थांबता आलेलं नाही.